जुळ्या बहिणीचं निरोगी आतडं

हे लिहायला मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आतड्याच्या दुखण्याचा नवा पेशंट आला की त्या म्हणतात, "मी सांगितलेलं सगळं हे लोक दारातून बाहेर पडेपर्यंत विसरतात. तू लिही, तुझं वाचतील." मी दहावीपर्यंत शिकले आणि लग्न झाल्यावर मालवणच्या बाजारात मासे विकायला बसले. लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, ती लपवली तर बाकीचंही खोटं होईल. मी आजारी होते ती जवळजवळ दोन वर्षं मी माझ्या सख्ख्या बहिणीवर जळत होते.

ती शालन, घरात शालू, आणि मी मालन, आम्ही जुळ्या. ती माझ्या आधी थोडा वेळ जन्मली, एवढाच फरक. नाक, दात, चालणं, आवाज सगळं एक. शाळेत बाई तिच्या चुकीसाठी मला मारायच्या. माझं लग्न मालवणात झालं, तिचं वालावलला. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारा. तिला मूल नाही. मला दीपा, तेव्हा सहा वर्षांची. माझा नवरा राजन ट्रॉलरवर जातो. बाजारातली जागा सासूची, तिचे गुडघे गेल्यावर मी तिथे बसू लागले.

रक्त

दोन हजार तीन साल. पावसाळा संपून होड्या परत समुद्रात गेल्या होत्या. एक दिवस परसाकडे रक्त दिसलं. मूळव्याध असेल म्हणून कोणाला बोलले नाही. पुढच्या आठवड्यात पाच वेळा जावं लागे, मग आठ, मग मी मोजायची सोडून दिली. बाजारात बायकांसाठी संडास नव्हता. गिऱ्हाईक समोर, हातात सुरी, आणि पोटात कळ आली की मी पाटीवर फडकं टाकून घराकडे पळायची. वाटेत दोनदा वेळेवर पोचले नाही. ते इथे लिहिते, कारण ज्यांना हे झालंय त्यांना वाटतं आपल्याच एकटीवर ही वेळ आली.

बाजारामागच्या गल्लीत एक शिंपीणकाकी राहतात. त्यांनी मला एकदा भिंतीला धरून उभी असताना पाहिलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराची कडी काढून ठेवली आणि म्हणाल्या, "ह्यां दार उघडाच आसा. हाक मारूची गरज नाय." त्यांच्या संडासात कायम एक भरलेली बादली असायची. त्या बादलीने माझी लाज किती वेळा राखली, सांगता येणार नाही.

गावातल्या डॉक्टरांनी आमांशाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एके सकाळी तराजू उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बांगडे मांडलेल्या पाटीवरच पडले. तेव्हा राजनने गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. आम्ही कुडाळवरून रेल्वेने गेलो. रेल्वेत संडास असतो, म्हणून मी कोकण रेल्वेला मनापासून आशीर्वाद दिले.

निदान

दुर्बीण घालून तपासणी झाली. ज्यांची व्हायची आहे त्यांना सांगते, आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध हाच खरा त्रास. प्रत्यक्ष तपासणी त्यामानाने काहीच नाही.

डॉक्टरीणबाई गोव्याच्या, पण माझ्याशी मराठीत बोलल्या. म्हणाल्या, "अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आहे, जखमा आहेत."

राजनने विचारलं, "काय खाल्ल्यान असा?"

"काही खाल्ल्यामुळे झालेलं नाही. तिची चूक नाही, तुमचीही नाही."

"बरी होईन?" मी विचारलं.

"आटोक्यात येईल. मध्येच परत उसळेल, परत आटोक्यात आणू. हे दुखणं तुझ्याबरोबर राहणार."

राजन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट दीपाची नव्हती, मरणाचीही नव्हती. मी म्हणाले, "बाई, माझी जुळी बहीण आहे. आम्ही एका पोटातून आलो, एका ताटात जेवलो. तिला का नाही?"

त्यांनी केसपेपर उलटा केला आणि मागे चित्र काढलं. फरशा लावाव्यात तशी एकाला एक लागून घरं. "या आतड्याच्या अस्तराच्या पेशी. शरीराला कुठे धोका वाटला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी निरोप सोडतात, सूज आणा म्हणून. हे निरोप घेणारे ग्राहक अस्तराच्या पेशींच्या अंगावर बसलेले असतात."

"ग्राहक म्हणजे गिऱ्हाईक?"

बाई हसल्या. "शास्त्रात ग्राहक म्हणजे घेणारा. पण गिऱ्हाईक म्हटलंस तरी चालेल. निरोप आला की ते घेतात आणि पेशीच्या आत पोचवतात. धोका टळला की निरोप थांबायला हवेत. तुझ्यात ते थांबत नाहीत. उलट सूज वाढली की काही ग्राहकही वाढतात. सारखा निरोप घेऊन घेऊन पेशी मरतात, अस्तर सुटतं, रक्त येतं."

"आणि शालूच्या अंगात असे ग्राहक नाहीत?"

"आहेत. सगळ्यांच्याच असतात, ते काही वाईट नव्हेत. तिच्यात निरोप वेळेवर थांबतात. तिच्यात का थांबतात आणि तुझ्यात का नाही, ते आज कोणालाच नीट सांगता येत नाही. हे निरोप वाटेतच पकडणारी इंजेक्शनं आता निघाली आहेत, पण तुझ्या प्रकाराला ती कितपत लागू पडतात ते ठरायचंय. आपण स्टिरॉइडने सुरुवात करू."

मला बाकीचं अर्धंच कळलं. तिच्यातही तेच आहे आणि तरी तिला काही नाही, हे मात्र पक्कं कळलं.

तीन आठवडे

बायकांच्या वॉर्डात संडास एका टोकाला आणि माझी खाट दुसऱ्या टोकाला. सावंतवाडीकडची एक म्हातारी संडासाजवळच्या खाटेवर होती. पहिल्याच दिवशी ती उठून आपली उशी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू थंय जा. माका वास येता." वास येत नव्हता, रोज दोनदा फिनेल टाकत.

सकाळी नर्स वही घेऊन यायची, "आज किती?" मी म्हणायची चौदा. शेजारची म्हणायची चार. मला तिचा चार ऐकून राग यायचा. व्हरांड्यातून कोणी चहा पीत, संडासाच्या दाराकडे न बघता सरळ चालत गेलं, तरी मी त्याच्याकडे बघत राहायची. निरोगी माणसाला दार कुठे आहे ते शोधावं लागत नाही. आजारी पडण्याआधी मलाही ते माहीत नव्हतं.

घर आणि बाजार सांभाळायला शालू वालावलहून आली होती. राजन आठवड्याने भेटायला आला तेव्हा खूश दिसला. खाटेवर बसून म्हणाला, "तू कायएक काळजी करू नको. शालू तुझ्या जागेर बसता. गिऱ्हायका मालन म्हणानच हाक मारतत तिका. कोणाक कळूकच नाय."

तो मला धीर द्यायला सांगत होता. मी भिंतीकडे तोंड केलं. मी बाजारातून नाहीशी झाले होते आणि ते एकाही माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. दहा वर्षं मी त्या लोकांचे मासे कापले होते. कोणाला डोकं हवं, कोणाला शेपटाकडचा तुकडा, कोण पैसे देताना तोंड वाकडं करतो, सगळं मला पाठ. आणि त्यांना मी फक्त हे नाक आणि हे दात म्हणून माहीत होते.

घरी

घरी आले तेव्हा शालूने अंगण सारवून ठेवलं होतं. मला मऊ पेज, उकडलेला बटाटा, ताक. बाकीच्यांना माशाचं कालवण. मला दिसू नये म्हणून शालू आपलं ताट घेऊन चुलीमागे बसायची. ते मला जास्त लागायचं. समोर बसून जेवली असती तर मला निदान उघड रागावता आलं असतं.

सासू म्हणायची, "शालूच्या हाताक चव आसा." पूर्वी ती हेच माझ्या हाताबद्दल म्हणायची.

गोळ्यांनी माझे हात कापत. एक दिवस मी दीपाची वेणी घालायला फणी घेतली. तिने डोकं बाजूला केलं. "मावशेन घालूक व्हयी. तुझे हात हलतत."

शालू पटकन म्हणाली, "आवशीक घालूक दी गो, बाय."

मी फणी शालूच्या पुढ्यात टाकली आणि आत गेले. तिने तेव्हा माझी बाजू घेतली, त्याचाही मला राग आला. ती वाईट वागली असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती पहाटे जेटीवर जायची, दुपारी माझे कपडे धुवायची. ते कपडे कसे असायचे ते मी लिहीत नाही. तिने कधी नाक मुरडलं नाही. मी कपड्यांच्या बादलीजवळ बसलेल्या तिच्याकडे बघून मनात म्हणायची, तुला कळूदे एकदा.

रक्त थांबत आलं, पण स्टिरॉइडने माझं तोंड सुजलं. गाल वर आले, डोळे बारीक झाले, हनुवटी दिसेना. आरशात मी शालूसारखी राहिले नव्हते. जन्मापासून आम्हा दोघींचं म्हणून जे काही होतं, ते आता तिचं एकटीचं झालं.

मग एका सकाळी मी हट्टाने बाजारात गेले. म्हटलं तासभर बसेन. शालू सरकली, मी तिच्या बाजूला बसले. हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या एक बाई नेहमी माझ्याकडून सौंदाळे न्यायच्या. त्या आल्या, शालूकडे बघून म्हणाल्या, "मालन, आज कोणी पाहुणी का? बहीण वाटतं तुझी."

शालूने तराजू उचलला. मग म्हणाली, "व्हय, बहीण."

खोटं ती बोलली नव्हती. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, सौंदाळे घेतले आणि गेल्या. मी पाटीवरच्या माशा वारत बसले. घरी आल्यावर मी शालूला विचारलं, "तू सांगूक कशाक नाय, हीच मालन म्हणान?"

"चार लोकांत तुझ्या आजाराची गजाल कित्याक करू?" ती म्हणाली आणि विहिरीवर गेली. त्यानंतर मी चार महिने बाजारात पाऊल टाकलं नाही.

तिची तपासणी

पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले की शालूच्याही पोटात अधूनमधून दुखतं. ते खरं होतं, पण कोणाच्या दुखत नाही? बाई म्हणाल्या, "एकसारखी जुळी आहे, तर तिलाही एकदा बघून घेऊ. घेऊन ये."

शालू घाबरली, पण आली. आदल्या दिवशी गोव्यात नात्यातल्या एकांकडे आम्ही उतरलो. तिथे तिने ते जुलाबाचं औषध प्यायलं. ती उठून पळायची आणि मी आतून कडी लागल्याचा आवाज मोजायची. नऊ वेळा. दहाव्या वेळी ती भिंतीला धरून बाहेर आली, तोंड पांढरं पडलेलं, आणि म्हणाली, "तू ह्यां रोज कसा गो सोसतंस?" मला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी तिला पाणीसुद्धा उशिरा दिलं.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले. आता लिहिते ते आजवर फक्त एका माणसाला सांगितलंय. बाकावर बसून मी देवीला हात जोडले आणि म्हणाले, सापडूदे. फार नको, थोडंसं. तिला मरण नको होतं मला. चौदा नको, चार तरी.

बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं आणि दोन फोटो टेबलावर ठेवले. एक माझा जुना. लालभडक, खरचटल्यासारखा. दुसरा शालूचा. गुलाबी, चकचकीत, आत पानाच्या शिरांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. मी स्वतःच्या आत कधीच पाहिलं नव्हतं असं ते सुंदर होतं.

"एकदम स्वच्छ," बाई म्हणाल्या. "पुढे काही वाटलं तर या. आज काळजीचं कारण नाही."

मला रडू फुटलं. थांबेना. शालूने मला मिठी मारली आणि पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रडा नको गो. माका काय एक होवक नाय. बघितलंस मा?" बाईंचेही डोळे ओले झाले. त्यांना वाटलं, बहिणीचा केवढा जीव आहे.

कुडाळ

परत येताना रेल्वेत खिडकीजवळ आम्ही समोरासमोर बसलो. मला ती मिठी अंगावर घेऊन घरी जाववेना. मी म्हणाले, "शालू, माका वाटत होता, तुकाय ह्यां दुखणां होवचा. बाकड्यार बसान मी तां मागी होतंय."

ती बाहेर बघत म्हणाली, "ठावक आसा माका. मी काय तुका आज बघतंय?"

"मगे रागावलंस नाय?"

"रागावलंय. रागावलंय तर." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण त्या दिवशी बाजारात मी मुद्दामच सांगूक नाय. आजाराचा निमित्त केलंय. मालन म्हणान हाक मारली की माका बरा वाटायचा. वालावलाक माका हाक मारूक कोण आसा? घोव बोटीर, सासरो बहिरो. तुका घर भरलला, चेडू, गिऱ्हायका. माका वाटला, ऱ्हवांदे थोडे दिवस माकाच मालन."

कुडाळला उतरल्यावर ती मालवणच्या गाडीकडे आलीच नाही. वालावलची गाडी लागली होती, तिच्यात चढून बसली. म्हणाली, "माझी लुगडी कोणाकडून तरी धाडून दी."

पुढचे तीन महिने वाईट गेले. दीपा रोज विचारायची, मावशी कधी येतली. बाजारातली जागा रिकामी राहिली. नव्या गोळ्या चालू होत्या, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं होतं. त्यातच एकदा पुन्हा उसळलं आणि आठ दिवस इस्पितळ झालं. त्या वेळी माझे कपडे राजनने धुतले. त्याला ते जमत नव्हतं, पण दार लावून घेऊन धुवायचा आणि बाहेर येऊन मासळीच्या भावाबद्दल बोलायला लागायचा. त्याच्याबद्दल मी इथवर फार कमी लिहिलं, ते बरोबर नाही झालं.

स्टिरॉइड कमी होत होत बंद झालं. तोंड उतरायला लागलं. मी हळूहळू बाजारात बसू लागले, सुरुवातीला तास, मग सकाळभर. या खेपेला मी एक केलं. शेजारच्या चारही बायकांना उघड सांगितलं, माझ्या आतड्याला दुखणं आहे, मला मध्येच पळावं लागतं, पाटी बघा. त्यातली एक म्हणाली, "आदीच सांगलंस असतंस तर." एवढंच. ज्या लाजेने मी इतके दिवस रक्त लपवलं, ती एका वाक्यात संपली.

त्याच सुमाराला माझ्या डाव्या बाजूची म्हातारी सुंदरा बाजार सोडून मुलाकडे राहायला गेली. मी एका दुपारी एस.टी.त बसले आणि वालावलला गेले. आजारानंतर एकटीने केलेला तो पहिला प्रवास. वाटेत एकदाही पोटाने घाबरवलं नाही. शालू मागच्या दारी खाडीकाठी काजूच्या बिया वाळत घालत होती. मला बघून उठली नाही.

मी म्हणाले, "सुंदरेची जागा रिकामी झाली आसा. तू येऊन बस. पण शालन म्हणान बस."

"आणि गिऱ्हायका गोंधळली तर?"

"गोंधळूदेत. तू तोंड उघडून नाव सांग. मीय सांगतंय."

तिने थोडा वेळ बिया पसरल्या. मग म्हणाली, "खाऊन इलंस काय खाऊन जातलंस? काय चलता तुका आता?"

"सगळा चलता. तिखट कमी."

आता

याला चार वर्षं झाली. मध्ये एकदा दुखणं परत आलं, महिनाभरात आवरलं. बरं वाटलं म्हणून मी गोळ्या सोडल्या होत्या, तेच कारण. तुम्ही सोडू नका. शिंपीणकाकींचं दार अजून उघडं असतं, आता मी तिथे क्वचितच जाते.

इथपर्यंतचं वाचून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शालूबद्दलचं मनातलं गेलं का? नाही गेलं. त्या एका वेळेनंतर तिला परत दुर्बीण लागली नाही, गोळी तर कधीच लागली नाही. ती रात्री निवांत झोपते आणि सकाळी मिरचीचं लोणचं खाते. ते बघून अजून मनात टोचतं. पण तिलाही माझ्याकडे दीपा येऊन बसली की टोचतं, आणि आम्ही दोघी ते एकमेकींना सांगतो. तुमच्या घरी जो कोणी तुमचं काम हसतमुखाने सांभाळतोय, त्याचा तुम्हाला राग येत असेल, तर तुम्ही वाईट आहात असं समजू नका. पण फार दिवस मनात ठेवूही नका.

काल शालूची सुरमय नऊ वाजताच संपली. माझी अर्धी तशीच पडून. हायस्कूलच्या बाईसुद्धा तिच्या पाटीवर वाकल्या होत्या. ती रिकामी पाटी धुवून माझ्याकडे बघून हसली आणि मला असा राग आला की मी तिच्याशी बोलले नाही. उरलेली सुरमय घरी नेली, तळली, भाताबरोबर पोटभर खाल्ली आणि दुपारी दीपा शाळेतून येईपर्यंत एकदाही न उठता झोपले.